आई ४५ वर्षांची, निपाणीत विडी वळते. काहीच त्रास नाही, तरी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी करायची का?

हो, नक्की करा. सुरुवातीला हा आजार दुखत-खुपत नाही, म्हणून त्रास होण्याची वाट पाहणंच धोक्याचं. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकला तर त्यातून हा कॅन्सर होतो, आणि त्या वर्षांत तो गाठता येतो.

२०२२ मध्ये जगभरात सुमारे साडेतीन लाख बायका यानं गेल्या. बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना एचपीव्हीविरुद्धची लस मिळते, तपासणीही नियमित होते. तिथं हा कॅन्सर दुर्मीळ होत चाललाय. आपल्याकडच्या बायका इतक्या स्वस्तात टळणाऱ्या आजारानं जाव्यात, याचा मला खरंच राग येतो.

आणि हे परदेशातच जमतं असं नाही. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तर पुढच्या आठ वर्षांत, तपासणी न झालेल्या बायकांच्या तुलनेत, या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आईंना सरकारी दवाखान्यात न्या, नाहीतर बेळगावला किंवा कोल्हापूरला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. तपासणी काही मिनिटांची असते, पण जाण्या-येण्यात दिवसाची मजुरी बुडते, म्हणून सोबत तुम्ही जा. बाई डॉक्टर मागायला लाजू नका. संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर तिच्या लशीचंही त्याच फेरीत विचारा.