उत्तर: पीसी झोपून उठल्यावर वजनकाटा का सापडत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: राजवाड्याजवळ तुमचं शेव-नमकीनचं दुकान, लिनक्सवर बिलिंग, काटा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने जोडलेला. दुपारी गिऱ्हाईक नसताना पीसी झोपतो. संध्याकाळी जागा केला की वजन येत नाही. वायर काढून लावली आणि तुझा सी मधला प्रोग्राम पुन्हा चालवला की सगळं ठीक. जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो कन्व्हर्टर बदला, तुला संशय ड्रायव्हरचा.

काका म्हणून विचारलंस, तर आधी काकासारखंच बोलतो. दोन औषधं एकदम दिलीस, आता गुण कुठल्याचा ते कसं कळणार? उद्या वायरला हात लावू नकोस. पीसी उठला की आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग बघ. माझा अंदाज, तिथे कन्व्हर्टर 'टीटीवाययूएसबी०' (लिनक्सने त्याला दिलेलं पोर्टचं नाव) वरून सुटल्याची एक ओळ असेल आणि लगेच खाली तोच 'टीटीवाययूएसबी१' वर जोडल्याची. म्हणजे काटा केव्हाच परत आलाय, तुझा प्रोग्राम जुन्या दारावर उभा आहे.

हे असं होतं. पीसी झोपताना काही मदरबोर्ड यूएसबी पोर्टची वीज चालू ठेवतात, काही तोडतात. चालू असेल तर उपकरणाला सगळं आठवतं आणि ड्रायव्हरचं 'रिझ्यूम' (जागं झाल्यावर चालणारं फंक्शन) पुरतं. वीज तुटली तर ते कोरं होऊन उठतं. कर्नल त्याची ओळख ताडून बघतो, तेच आहे असं पटलं की ड्रायव्हरचं 'रिसेट-रिझ्यूम' बोलावतो. ड्रायव्हरमध्ये ते लिहिलेलंच नसेल तर कर्नल ड्रायव्हर सोडवून नव्याने बांधतो. या वेळी तुझ्या प्रोग्रामने जुनी फाइल उघडी धरलेली असते, ० नंबर मोकळा नसतो, म्हणून मिळतो १. घरच्या लॅपटॉपवर हे दिसत नाही म्हणालास, ते बहुधा तिथे वीज तुटत नाही म्हणून.

आता तुझा कोड. पोर्ट वाचायच्या सेटिंगमध्ये तू व्हीमिन ० आणि व्हीटाइम १० ठेवलंयस, म्हणजे एक सेकंद काही आलं नाही की 'रीड' ० देतो. पण सुटलेल्या पोर्टवरही 'रीड' ०च देतो! तुझा लूप समजतो की काट्यावर अजून कोणी माल ठेवला नाही, आणि निवांत फिरत राहतो. एका नातेवाइकांच्या औषधांच्या दुकानात याच ० ने माझे तीन रविवार खाल्ले. दोन कन्व्हर्टर बदलून झाले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. 'रीड' च्या आधी 'पोल' लाव, ते पोर्टची स्थिती सांगतं. 'पोलहप' (पोर्ट सुटल्याची खूण) आला की फाइल बंद कर, सेकंदभर थांब, पुन्हा उघड, आणि बॉड रेट (डेटाचा वेग) वगैरे पुन्हा बसव. हे शेवटचं लोक विसरतात, मग वजनाच्या जागी कचरा अक्षरं येतात.

उघडताना टीटीवाययूएसबी० हे नाव कोडमध्ये ठोकू नकोस. 'डेव्ह' खालच्या 'सिरियल' फोल्डरात 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' असे दोन फोल्डर असतात. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बऱ्याचदा सिरियल नंबरच नसतो, एकाच मॉडेलचे दोन लावले तर 'बाय-आयडी' मध्ये गोंधळ होतो. अशा वेळी 'बाय-पाथ' घे. तो पोर्टच्या जागेवर चालतो, तेव्हा त्या पोर्टवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेव, म्हणजे झाडझूड करणारा मुलगा वायर दुसरीकडे खुपसणार नाही.

खालच्या एका उत्तरात कोणी ऑटोसस्पेंड उणे १ (म्हणजे बंद) करायला सांगितलंय. तो सल्ला इथे लागू नाही. ते सेटिंग पीसी चालू असताना रिकाम्या उपकरणाला झोपवण्याबद्दल आहे, आख्खा पीसी झोपतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय हब सोडले तर कर्नल सहसा स्वतःहून ते चालू करत नाही. पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून किंवा टीएलपी असे वीज वाचवणारे प्रोग्राम करतात.

ड्रायव्हर स्वतः लिहून बघायचा म्हणतोस, तर एकच सांगतो: 'रिझ्यूम' आणि 'रिसेट-रिझ्यूम' ला एकच फंक्शन चिकटवू नकोस. पहिल्यात थांबवलेल्या रिक्वेस्ट पुन्हा सोडल्या की बरंचसं काम होतं. दुसऱ्यात त्याआधी चिपला बॉड रेट, कंट्रोल लाइन, सगळं पहिल्या दिवसासारखं पाठवावं लागतं.

आणि लॉगमध्ये '१' वर जोडल्याची ओळ नसेल, उलट डिस्क्रिप्टर (उपकरणाची ओळख-माहिती) वाचताना उणे ११० किंवा उणे ७१ दिसत असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव. उणे ११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तरच दिलं नाही, उणे ७१ म्हणजे तारेवरचा संवाद बिघडला. मग आधी वायर बदल, मधला हब काढून थेट मागच्या पोर्टला लाव. तिथे मात्र जेल रोडवाला बरोबर निघू शकतो. उद्या संध्याकाळी पीसी जागा केल्यावरच्या वीसेक ओळी इथे टाक, बघू.