एवढं शिकून शेवटी देणग्याच मागायच्या का?

पत्र सांगलीहून आलंय. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण, झालंय, मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेत नोकरी आहे आणि आता फंडरेझिंग तुझ्याकडे दिलंय. पावतीपुस्तक घेऊन पाचशे-हजार मागायला काही वाटत नाही, पण पाच लाख मागायची वेळ आली की घसा कोरडा पडतो असं लिहिलंयस, आणि वर आई म्हणते एवढं शिकून वर्गणीच मागत फिरणार का.

आधी आईचं बोलू. त्यांना महर्षी कर्व्यांचं सांग. 1916 ला महिला विद्यापीठ काढलं, त्यासाठी गावोगावी, पुढे परदेशातही निधी मागत फिरले, आणि 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख दिले, त्या काळातले 15 लाख! विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं नाव लागलं, तेच आपलं एसएनडीटी. मोठ्या देणगीत देणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी गुंतलेलं असतं, ते ओळखणं हेच तुझं खरं काम आहे, आणि त्याला डोकं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत पैसे मागूच नकोस. वसतिगृह दाखव, मुलींशी बोलू दे आणि ते काय विचारतात ते नीट ऐक. एखादे काका सारखं दहावीनंतर मुली कुठे जातात तेच विचारत असतील तर त्यांना भिंतीच्या रंगाचा खर्च सांगून काय उपयोग.

दुसऱ्या भेटीत आकडा सांगायचा, आणि इथेच सगळे कच खातात, "यथाशक्ती द्या" म्हणून मोकळे होतात, मग ज्याची पाच लाखांची ताकद आहे तोही पाच हजारांचा चेक देतो आणि त्याला वाटतं आपलं काम झालं. त्यापेक्षा हिशोब करून जा. समज एका मुलीचा वर्षाचा खर्च 42 हजार येतो, तर 12 मुलींचे 5 लाख 4 हजार. सरळ म्हण, "काका, अकरावीच्या 12 मुलींचा यंदाचा खर्च तुम्ही उचलावा अशी इच्छा आहे, 5 लाख 4 हजार होतात." आणि गप्प बस. खरंच गप्प बस. ते विचार करत असतात आणि आपण घाबरून मधेच "नाहीतर निम्मे दिले तरी चालतील" बोलून जातो. हे वाक्य घरी मोठ्याने दहा वेळा म्हणून बघ, जमल्यास आईसमोरच म्हण.

कागद पक्के ठेव, अर्धा कॉन्फिडन्स तिथूनच येतो. 80जी ची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सूट जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते, नव्यात नाही, आणि 2000 च्या वर रोख दिली तर त्यावर सूट नाही, हे आधीच स्पष्ट सांगायचं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भाच्याचे डॉलर घ्यायचे तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी हवी, नसेल तर नाही म्हणायचं. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या पैशांचं गणित वेगळं, तिथे प्रपोजल, कमिटी, सगळं आलं, ते पुढच्या वर्षी बघ.

एकटी जाऊ नकोस, एखादे ट्रस्टी बरोबर ने, शक्यतो ज्यांनी स्वतः देणगी दिलीय असे. नकार आला तर कशाला नकार आहे ते विचार, रकमेला, वेळेला की कामाला, कारण "मार्चनंतर बघू" हा नकार नसतोच, ती तारीख असते, डायरीत लिहून ठेव.

आणि करिअर म्हणून विचारलंस तर बिनधास्त कर. अनुभवी माणसं कमी आहेत, पुढे डोनर रिलेशन्स, सीएसआर, मोठ्या फाउंडेशन्स असे रस्ते आहेत. फक्त संस्था म्हणाली की पगार कमी देतो पण आणलेल्या देणगीवर टक्का घे, तर घेऊ नकोस. या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतही ते बसत नाही, आणि ज्या दिवशी काकांना कळेल की 12 मुलींच्या पैशातला काही भाग तुला मिळालाय त्या दिवशी ते परत दार उघडणार नाहीत. पगार नीट मागून घे, तोही आकडा सांगून.