कीर्द आधी, खतावणी नंतर: डेटाबेसमधील ट्रान्झॅक्शन म्हणजे नेमके काय?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. साध्या फायलींत किंवा एक्सेलमध्ये माहिती ठेवता येत असताना डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम कशाला हवी. ट्रान्झॅक्शनचे, म्हणजे एकत्रच पूर्ण व्हावे किंवा अजिबात होऊ नये अशा बदलांच्या गटाचे, ॲसिड नावाचे चार गुणधर्म (ॲटोमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरेबिलिटी) तोंडपाठ असूनही ‘एकाच खात्यातून दोन खिडक्यांवर एकाच क्षणी पैसे काढले तर काय होईल’ या मुलाखतीतल्या प्रश्नावर आपण का अडलात. आणि यूपीआयने पैसे पाठवताना आपल्या खात्यातून रक्कम कापली जाते पण समोरच्याला मिळत नाही, तेव्हा पुस्तकातली ॲटोमिसिटी, म्हणजे ‘सगळे होईल नाहीतर काहीच नाही’ ही हमी, कुठे जाते. याच क्रमाने उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नावर थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या अभ्यासक्रमात सर्वांत वाईट शिकवला जाणारा भाग माझ्या मते तोच आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या संगणकीकरणाचे काम पाहत होतो. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला प्रोग्राम होता, डीबीएफ फायली होत्या आणि ठेवीदारांची साधारण दोन हजार खाती होती. ३१ मार्चच्या संध्याकाळी बचत खात्यांवर व्याज चढवण्याचे काम चालू असताना वीज गेली आणि यूपीएसच्या बॅटरीने मिनिटभरही साथ दिली नाही. प्रोग्राम खाते क्रमांकाच्या क्रमाने एकेक ओळ वाचून शिल्लक वाढवत होता. पण तो कोणत्या खात्यापर्यंत पोचला होता, याची नोंद कुठेच होत नव्हती. वीज आल्यावर ऑपरेटरने चांगल्या हेतूनेच तो प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून चालवला, त्यामुळे सुरुवातीच्या काहीशे खात्यांवर व्याज दोनदा चढले आणि बाकीच्यांवर एकदा. दुसऱ्या दिवशी तेरीज, म्हणजे सर्व खात्यांचा ताळा, जुळेना. आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो होतो, तेव्हा संस्थेचे ज्येष्ठ हिशेबनीस म्हणाले, “साहेब, आम्ही आधी कीर्द लिहितो, मग खतावणी करतो. खतावणी चुकली तर कीर्दीवरून परत मांडता येते. तुमच्या मशीनमध्ये कीर्द कुठं आहे?”

कीर्द, म्हणजे व्यवहार घडतील तसे क्रमाने लिहायची वही, आमच्याकडे नव्हती, आणि खरा डेटाबेस व साधी फाइल यांतला सर्वांत महत्त्वाचा फरक तोच आहे. डेटाबेसमधली टेबले म्हणजे खातेवार मांडलेली खतावणी, आणि त्यांच्या मागे राहून जो लॉग सतत लिहिला जातो ती कीर्द. नियम असा की खतावणीच्या पानावरचा कोणताही बदल डिस्कवर जाण्यापूर्वी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये जाऊन डिस्कवर पक्की झालेली असली पाहिजे. याला राइट-अहेड लॉगिंग म्हणतात. आपण कमिट, म्हणजे ‘हे बदल पक्के करा’, असे म्हटल्यावर डेटाबेस ‘झाले’ असे उत्तर देतो, त्याचा अर्थ टेबलाचे पान डिस्कवर लिहिले गेले असा नसतो. ते पान त्यानंतरही बराच वेळ मेमरीतच असू शकते. पक्का झालेला असतो तो लॉग. लॉग शेवटाला जोडत जायचा असल्यामुळे लिहायला स्वस्त पडतो, तर टेबलाची पाने डिस्कभर विखुरलेली असतात; म्हणून या पद्धतीत सुरक्षितता आणि वेग या दोन्ही गोष्टी साधतात.

वीज जाऊन परत आली की डेटाबेस आधी ही कीर्द वाचतो. आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या एरीज या पद्धतीत तीन फेऱ्या असतात: पहिल्या फेरीत कोणती ट्रान्झॅक्शन अर्धवट होती आणि कोणती पाने मेमरीतच राहून गेली असतील हे ठरवायचे, दुसऱ्या फेरीत लॉगमधले बदल जसे घडले तसे पुन्हा करायचे, आणि तिसऱ्या फेरीत कमिट न झालेल्या ट्रान्झॅक्शनचे बदल उलट्या क्रमाने मागे घ्यायचे. विद्यार्थ्यांना दुसरी फेरी नेहमी बुचकळ्यात टाकते, कारण पुढे जे पुसायचेच आहे ते पुन्हा का लिहायचे हे कळत नाही. कारण व्यवहार्य आहे. वीज जाण्याच्या क्षणी जी स्थिती होती ती एकदा हुबेहूब उभी केली की मग मागे घेण्याचे काम नेहमीच्या रोलबॅकसारखेच (चालू ट्रान्झॅक्शन रद्द करण्यासारखेच) होते आणि त्यासाठी वेगळे शास्त्र लागत नाही.

डेटाबेसचे दुसरे मोठे देणे म्हणजे माहिती कशी साठवली आहे आणि ती कशी मागितली जाते, या दोन गोष्टींची फारकत. आयबीएमच्या आयएमएसमध्ये, जो अपोलो मोहिमेच्या कामासाठी तयार झाला होता, माहिती झाडाच्या फांद्यांसारखी मांडलेली असे आणि प्रोग्रामला त्या फांद्यांवरून स्वतः वाट काढावी लागे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या, माहिती टेबलांत ठेवणाऱ्या रिलेशनल मॉडेलमध्ये आपण फक्त काय हवे ते सांगतो. वाट शोधण्याचे काम डेटाबेसचे असते. उद्या इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बदलला तरी क्वेरी, म्हणजे आपली मागणी, बदलावी लागत नाही. नॉर्मलायझेशनचे नियम परीक्षेपुरते वाचा, पण सभासदाचा पत्ता एकाच जागी असला पाहिजे, चार टेबलांत चार वेगळे पत्ते सापडता कामा नयेत, एवढे हाडीमासी मुरले तर त्यातले बरेचसे आलेच.

आता ॲसिड. ट्रान्झॅक्शनची कल्पना व्यवस्थित मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचे आहे, आणि ॲसिड हे संक्षिप्त नाव थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ साली दिले. चार अक्षरे एका ओळीत बसवल्यामुळे ती एकाच जातीची आहेत असे वाटते, आणि माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे. ॲटोमिसिटी आणि ड्युरेबिलिटी (कमिट झालेले टिकून राहणे) ही दोन्ही मुख्यतः वर सांगितलेल्या कीर्दीतून मिळतात आणि एकतर असतात किंवा नसतात. कन्सिस्टन्सीची, म्हणजे नियम मोडू न देण्याची, निम्मी जबाबदारी आपली असते: शिल्लक ऋण होऊ नये हा नियम आपण डेटाबेसला सांगितलाच नाही, तर तो पाळला जाईल अशी अपेक्षा करता येत नाही. आयसोलेशनचे, म्हणजे एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून अलग ठेवण्याचे, मात्र वेगळेच आहे. ते पायऱ्यापायऱ्यांनी मिळते आणि बहुतेक डेटाबेस आपल्याला आपोआप सर्वांत वरची पायरी देत नाहीत. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसांत आपण काहीच सांगितले नाही तर रीड कमिटेड (फक्त कमिट झालेलेच वाचायला मिळणारी पायरी) मिळते, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात रिपीटेबल रीड (पुन्हा वाचले तरी तेच दिसणारी पायरी) मिळते, आणि ‘ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालल्यासारखी वाटतात’ हे पुस्तकातले वाक्य फक्त सिरियलायझेबल या पायरीला लागू पडते.

मुलाखतीतला प्रश्न इथेच येतो. संगणकावर पोस्टग्रेसच्या दोन खिडक्या उघडा आणि एका खात्यात ५,००० रुपये शिल्लक ठेवा. दोन्ही खिडक्यांत बिगिन म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करा आणि दोन्हींत सिलेक्टने शिल्लक वाचा. दोघांनाही ५,००० दिसतील. प्रत्येक खिडकीला ३,००० काढायचे आहेत. ‘५,००० वजा ३,००० म्हणजे २,०००’ हा हिशेब आपला प्रोग्राम करतो आणि पहिली खिडकी शिल्लक २,००० अशी अपडेट करते. दुसरी खिडकी तेच अपडेट करायला जाते आणि थांबते, कारण त्या ओळीवर पहिलीचे लॉक आहे. पहिलीत कमिट करा. दुसरी लगेच सुटते, शिल्लक पुन्हा २,००० लिहिते आणि तिचेही कमिट होते. संस्थेतून ६,००० रुपये बाहेर गेले, खात्यात अजून २,००० आहेत, आणि एकही त्रुटीसंदेश आला नाही. दोन्ही ट्रान्झॅक्शन होत्या, दोन्ही कमिट झाल्या, लॉकही व्यवस्थित लागले. ‘लॉक लागते म्हणून काही होणार नाही’ हे उत्तर मुलाखतीत चुकीचे ठरते ते यामुळे.

आता तीच गोष्ट वेगळ्या रीतीने करा. हिशेब प्रोग्रामात न करता अपडेटमध्येच ‘शिल्लक बरोबर शिल्लक वजा ३,०००’ असे लिहा आणि अट घाला की शिल्लक निदान ३,००० असली पाहिजे. दुसरी खिडकी पूर्वीसारखीच थांबेल, पण सुटल्यावर पोस्टग्रेस त्या ओळीची नवी आवृत्ती घेऊन अट पुन्हा तपासेल, तिथे २,००० दिसतील आणि उत्तर येईल की शून्य ओळी बदलल्या. ही शून्याची संख्या प्रोग्रामने तपासली पाहिजे. ती न तपासणारे प्रोग्राम मी पुष्कळ पाहिले आहेत. दुसरा मार्ग म्हणजे वाचतानाच सिलेक्ट फॉर अपडेट वापरून ओळ ताब्यात घेणे. तिसरा मार्ग पायरी चढण्याचा: पोस्टग्रेसमध्ये रिपीटेबल रीड लावले तर दुसऱ्या खिडकीला चक्क त्रुटी मिळते आणि ते ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवावे लागते. इनोडीबीत मात्र त्याच नावाच्या पायरीवर वरचा पहिला घोटाळा होऊ शकतो, कारण तिथे साधे सिलेक्ट जुनी प्रतिमा वाचते आणि अपडेट ताज्या ओळीवर चालते. पायरीचे नाव सारखे आहे म्हणून वागणूकही सारखी असेल असे धरून चालू नका.

यापेक्षा सूक्ष्म एक प्रकार आहे आणि मुलाखतीत तो सांगितलात तर समोरचा खुर्चीत सावरून बसेल. समजा नियम असा आहे की एका सभासदाच्या दोन खात्यांची बेरीज ५,०००च्या खाली जाऊ नये, आणि दोन्हींत ४,००० आहेत. एक खिडकी पहिल्या खात्यातून ३,००० काढते, दुसरी दुसऱ्यातून. दोघींनी बेरीज ८,००० वाचली, दोघींच्या दृष्टीने ५,००० उरतात, आणि दोघी वेगवेगळ्या ओळींवर लिहीत असल्यामुळे कोणी कोणासाठी थांबत नाही. शेवटी २,००० उरतात. याला राइट स्क्यू म्हणतात. पोस्टग्रेसच्या रिपीटेबल रीडलाही हे पकडता येत नाही. २०११ सालच्या ९.१ आवृत्तीपासूनचे त्याचे सिरियलायझेबल ते पकडते आणि दोघींपैकी एकीला परत पाठवते.

डेडलॉकबद्दल थोडक्यात सांगतो. एकाने अ खात्यातून ब मध्ये आणि दुसऱ्याने ब मधून अ मध्ये पैसे वळवले, तर दोघे एकमेकांच्या लॉकची वाट पाहत बसतात. डेटाबेस ते ओळखतो आणि एकाचा बळी देतो. खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच ओळी ताब्यात घ्यायच्या, एवढी शिस्त पाळली तर या जोडीचा प्रश्न उद्भवत नाही. इनोडीबीत एक खोच लक्षात ठेवा: डेडलॉक झाला तर पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतले जाते, पण लॉकची वाट पाहण्याची मुदत, जी मूळ सेटिंगमध्ये ५० सेकंद असते, संपली तर फक्त ते एक विधान मागे जाते आणि ट्रान्झॅक्शन तसेच उघडे राहते. त्यानंतर प्रोग्रामने बेफिकिरीने कमिट म्हटले, तर अर्धेच काम पक्के होते.

शेवटचा प्रश्न यूपीआयचा. पुस्तकातले ‘अ च्या खात्यातून काढा, ब च्या खात्यात टाका’ हे उदाहरण दोन्ही खाती एकाच डेटाबेसमध्ये असतील तरच खरे आहे. आपली बँक आणि समोरच्याची बँक यांचे डेटाबेस वेगळे असतात आणि मधला दुवा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचा असतो. अशा दोन डेटाबेसना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणारी टू-फेज कमिट नावाची पद्धत आहे: आधी सर्वांना ‘तयार आहात का’ असे विचारायचे, आणि सर्वांनी हो म्हटल्यावर ‘करा’ असे सांगायचे. पण हो म्हटल्यापासून निर्णय येईपर्यंत प्रत्येकाला आपली लॉक धरून बसावे लागते, आणि विचारणाराच मध्ये बंद पडला तर ती सुटत नाहीत. दुसऱ्याच्या सर्व्हरच्या भरवशावर आपल्या ग्राहकांची खाती अशी अडकवून ठेवायला कोणती बँक तयार होईल?

म्हणून तिथे प्रत्येक बँकेच्या आत ॲटोमिसिटी असते, दोन बँकांच्या मध्ये नसते. आपल्या बँकेतले कमिट पूर्ण झालेले असते आणि झालेले कमिट रोलबॅक करता येत नाही. करायची असते ती उलट नोंद, कीर्दीत खाडाखोड न करता. ही उलट नोंद वेळेत व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात मुदती घातल्या: यूपीआयने पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली नाही तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत आली पाहिजे, एटीएममधून नोटा न येताच खात्यातून रक्कम गेली असेल तर ५ दिवसांत, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यायचे.

निरोप मध्येच हरवला तर पाठवणाऱ्याला तो पुन्हा पाठवावा लागतो, आणि तोच निरोप दोनदा पोचला तर रक्कम दोनदा जमा होता कामा नये. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा संदर्भ क्रमांक असतो आणि तो आधी येऊन गेला असेल तर दुसऱ्या वेळी नोंद होत नाही. ती पतसंस्था वर्षभराने खऱ्या डेटाबेसवर आली, तेव्हा आम्ही व्याजाच्या टेबलात खाते क्रमांक आणि कालावधी ही जोडी युनिक (दुसऱ्यांदा लिहिता न येणारी) केली आणि एका खात्याची व्याजनोंद व शिल्लकवाढ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली. त्या मार्चमध्ये हिशेबनिसांनी स्वतः काम अर्ध्यावर असताना मशीनचे बटण बंद केले, पुन्हा चालू करून व्याजाचा प्रोग्राम पहिल्यापासून चालवायला लावला, आणि तेरीज जुळल्यावरच घरी गेले.