पहिल्या परदेश प्रवासाआधीची धास्ती

युरोपच्या या पहिल्याच सहलीत दहशतवादी हल्ला झाला तर काय, ही तुमच्या आईंची काळजी उडवून लावू नका, ती अगदी रास्त आहे. मात्र तिच्यापायी तिकिटे रद्द करण्याची घाईही करू नका. २२ मार्च २०१६ रोजी ब्रसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत स्फोट झाले, तेव्हा आमच्या हातात मे महिन्याची तिथलीच तिकिटे होती आणि घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी मी एवढेच विचारले, की २०१० साली कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला म्हणून आपण पुणे सोडले होते का? आम्ही गेलो, पण तयारी करून गेलो.

विम्याकडे सर्वाधिक लक्ष द्या. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, परंतु दहशतवादी घटनेमुळे सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत स्वतः वाचा, कारण निव्वळ भीतीपोटी रद्द केलेल्या सहलीची भरपाई बहुतेक पॉलिसी देत नाहीत, आणि हे एजंट आपणहून क्वचितच सांगतो. हॉटेल थोडे महाग पडले तरी रद्द करता येईल असेच घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा.

आणखी एक. फोन बंद पडला तर काय, म्हणून माझ्या पत्नीने हॉटेलचा पत्ता आणि भारतीय दूतावासाचा क्रमांक चार चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येकाच्या आतल्या खिशात पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत ठेवला होता. तुम्हीही, विशेषतः आईंसाठी, हे नक्की करा.