पत्राच्या शेवटी विचारलेला प्रश्न

प्रिय विद्यार्थिनी,

तू सात वर्षं बासरी शिकते आहेस, फोनवर पाऊस, पक्षी, दारं असे आवाज टिपून ठेवतेस आणि गणितात रमतेस. साउंड इंजिनिअरिंगला जाऊ की कॉम्प्युटरला, असं तू विचारलंस. घरच्यांना हा नुसता छंद वाटतो, हेही लिहिलंस. पण माझी नजर अडली ती पत्राच्या शेवटच्या ओळीवर : ‘बासरी आणि पाऊस एकाच पद्धतीनं मोजता येतात का?’

हा प्रश्न ज्याला पडतो, त्याचा पेशा ऑडिओ सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाज आकड्यांत मांडून गणितानं तपासणं आणि बदलणं. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग हे वेगळं काम आहे. चांगलंच आहे, पण तुझा ओढा तिकडे दिसत नाही.

बासरीचा लांब सूर म्हणजे मूळ कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) आणि तिच्या पटीतले काही स्वरांश. मोजक्या साइन लहरींत, म्हणजे एकाच कंप्रतेच्या शुद्ध लहरींत, तो बराचसा मांडता येतो. पण तेवढ्याच लहरी जोडून वाजवल्या तर सूर निर्जीव वाटतो, कारण फुंकीची सळसळ त्यात नसते. झेवियर सेरा या संशोधकानं 1989 च्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात यावर उपाय मांडला : आधी लहरी वजा करायच्या आणि जे उरेल ते गोंगाट म्हणून वेगळं मांडायचं. तुझ्या वादनातून लहरी काढून उरलेला आवाज एकदा ऐकच. तुझा स्वतःचा श्वास ऐकू येईल.

पावसाला मात्र ही पद्धत पुरत नाही. थेंब अगणित, प्रत्येकाचा हिशेब कोण ठेवणार? तिथे संख्याशास्त्र लागतं. मॅकडर्मट आणि सिमोन्चेली या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की खऱ्या पावसाची सांख्यिकी गुणवैशिष्ट्यं (सरासरी, चढउतार अशी) साध्या गोंगाटावर लादली, की तो ऐकणाऱ्याला पाऊसच वाटतो.

अभ्यासक्रमाच्या नावात अडकू नकोस. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, भौतिकशास्त्र, गणित, कुठूनही या क्षेत्रात येता येतं. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि फूरिये विश्लेषण (आवाज साइन लहरींत फोडून पाहणं) मात्र पक्कं हवं. तयार न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) चालवायला आठवडाभरात येतं, पण ते का चुकलं हे या तीन विषयांशिवाय कळत नाही, आणि तिथेच मुलं अडकतात.

घरच्यांना सांग : श्रवणयंत्रं, फोनवरच्या बोलण्यातला गोंगाट कमी करणं, यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणं, जंगलातल्या रेकॉर्डिंगमधून पक्षी मोजणं, संगीताची सॉफ्टवेअर, या सगळ्यांत हीच विद्या लागते. मोठी पदं बहुधा पदव्युत्तर शिक्षणानंतर मिळतात, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस.

प्रवेशाआधी एक काम कर. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं आवाज तपासायचं साधन लिब्रोसा घे. बासरी आणि टाळी अशा दोन्ही रेकॉर्डिंगचे स्पेक्ट्रोग्राम काढ, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंप्रता वाजतात त्याची चित्रं. त्यासाठी आवाजाचा एका वेळी तपासायचा तुकडा म्हणजे खिडकी, आणि ठरावीक क्षणांना मोजलेली आवाजाची मूल्यं म्हणजे नमुने. आधी 4096 नमुन्यांच्या खिडकीनं काढ, मग 256 च्या. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर पहिली खिडकी सुमारे 93 मिलिसेकंदांची. तिच्यात सुरांच्या रेघा सुरेख सुट्या दिसतील, पण टाळी पसरट होईल. दुसरी जेमतेम 6 मिलिसेकंदांची : टाळी टोकदार, सूर मात्र एकमेकांत मिसळलेले. दोन्ही एकदम मिळत नाही. काय गमवायचं ते आवाज बघून ठरवावं लागतं.

हे जमलं की ईएससी-50 हा भोवतालच्या आवाजांचा संग्रह उतरवून घे : 50 प्रकार, 5 सेकंदांच्या 2000 ध्वनिफिती. त्यातला पाऊस आणि आगीचं तडतडणं घे, आणि कोणते आकडे काढले तर दोन्ही वेगळे ओळखता येतील ते शोध. काय सापडलं, ते मला लिही.