अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशशिवाय फोटो कसे काढायचे? ट्रायपॉड नेता येतो का?

फ्लॅशला पूर्ण बंदी आहे आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते. ट्रायपॉड वेगळ्या परवानगीशिवाय नेऊ देत नाहीत, म्हणून तो घरीच ठेवा. त्यापेक्षा एफ १.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स घ्या, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) बिनधास्त ३२०० पर्यंत चढवा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. आतला उजेड मंद आणि पिवळट असतो. रंग नंतर घरी दुरुस्त करता येतात, हललेला फोटो नाही.

लेणं १ मध्ये गाभाऱ्याच्या डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणीचं प्रसिद्ध चित्र आहे. तिथे कायम गर्दी. सकाळी दार उघडताच थेट तिथे जा, बाकीचं मागाहून. मात्र सगळा वेळ चित्रांवर घालवू नका. लेणं २६ मधला महापरिनिर्वाणातला (देहत्यागाच्या वेळचा) पहुडलेला बुद्ध जवळजवळ सात मीटर लांब आहे, आणि समोर खांब असल्यामुळे एका चौकटीत मावत नाही. पायांकडून तिरकं उभं राहून काढा. खाली शोक करणारे शिष्यही येतात.

वाघूर नदीच्या वळणावरची घोड्याच्या नालासारखी अख्खी रांग हवी असेल, तर समोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट गाठा. पावसाळ्यात तर काय विचारता!

सोमवारी लेणी बंद असतात. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून पुढचे चार किलोमीटर बसनेच जावं लागतं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढायच्या, तेव्हा बुटांची लेस बांधत बसू नका, सँडल घाला.