न्यूट्रॉनवर विद्युतप्रभारच नसेल, तर अणूला त्याची गरज काय?

धनप्रभारित प्रोटॉन आणि ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन यांची संख्या समान असली की अणू उदासीन होतो. मग प्रभार नसलेल्या न्यूट्रॉनचे काम काय? शालेय पुस्तकात न्यूट्रॉनची ओळख ‘वस्तुमान आहे, प्रभार नाही’ एवढ्यावरच आटोपते, त्यामुळे तो केवळ वजनापुरता असावा असे वाटते. माझाही बराच काळ हाच समज होता. प्रत्यक्षात साध्या हायड्रोजनचा अपवाद सोडला, तर न्यूट्रॉनशिवाय एकही अणुकेंद्रक टिकत नाही.

मूळ अडचण केंद्रकातच आहे. समान प्रभार एकमेकांना दूर लोटतात, आणि शिशाच्या केंद्रकात तर ८२ प्रोटॉन अतिशय कमी जागेत दाटलेले असतात. त्यांना बांधून ठेवणारे केंद्रकीय बल विद्युत प्रतिकर्षणापेक्षा पुष्कळ प्रबळ असते, पण त्याचा पल्ला जेमतेम दोन-तीन फेमटोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लाख कोटीव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट एवढाच असतो. म्हणून प्रत्येक कण फक्त आपल्या लगतच्या शेजाऱ्यांनाच धरून ठेवू शकतो. प्रतिकर्षणाला मात्र पल्ल्याची अशी मर्यादा नाही. शिशाच्या केंद्रकाचा व्यास सुमारे १४ फेमटोमीटर असला तरी त्याच्या एका टोकाचा प्रोटॉन दुसऱ्या टोकाच्या प्रोटॉनलाही लोटतच असतो. ८२ प्रोटॉनांच्या एकूण ३,३२१ जोड्या होतात आणि त्यांतील प्रत्येक जोडी केंद्रक फोडण्याच्या बाजूने काम करते.

न्यूट्रॉनचे महत्त्व इथे कळते. केंद्रकीय बल प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यात फारसा भेद करत नाही, त्यामुळे न्यूट्रॉन शेजाऱ्यांना बांधून ठेवण्यात पूर्ण वाटा उचलतो आणि प्रतिकर्षणात काहीच भर घालत नाही. नुसते दोन प्रोटॉन एकत्र टिकत नाहीत, पण त्यांना एक न्यूट्रॉन मिळाला की हेलियम-३ हे स्थिर केंद्रक तयार होते (नावातील आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या). कार्बन-१२ मध्ये ६ प्रोटॉनांना ६ न्यूट्रॉन पुरतात, लोह-५६ मध्ये २६ प्रोटॉनांसाठी ३० लागतात, तर शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांसाठी १२६. अणुअंक, म्हणजे प्रोटॉनांची संख्या, वाढतो तसे न्यूट्रॉनांचे प्रमाण का वाढत जाते, याचे उत्तर प्रतिकर्षणाच्या वाढत्या जोड्यांमध्येच आहे. मला तर हे आकडे कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक बोलके वाटतात.

तरीही न्यूट्रॉन हवे तेवढे वाढवता येत नाहीत. कार्बन-१४ मध्ये ते ८ होतात आणि केंद्रक किरणोत्सारी, म्हणजे आपोआप विघटित होणारे, बनते: त्यातील एका न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होऊन नायट्रोजन-१४ तयार होतो. या क्रियेचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मी केंद्रके बदलायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षे आहे.

प्रभार नसल्यामुळेच हा कण उशिरा सापडला. हेलियमच्या केंद्रकाचा प्रभार दोन प्रोटॉनांइतका, पण वस्तुमान मात्र सुमारे चार प्रोटॉनांइतके, या कोड्यामुळे भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्ड यांनी १९२० मध्ये अशा उदासीन कणाची कल्पना मांडली होती. १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी बेरिलियम या धातूवर अल्फा कणांचा, म्हणजे हेलियमच्या केंद्रकांचा, मारा केला, तेव्हा बाहेर पडणाऱ्या प्रारणामुळे पॅराफिन मेणातून वेगवान प्रोटॉन उडाले. त्या प्रोटॉनांची ऊर्जा मोजून त्यांनी दाखवून दिले की हे प्रारण गॅमा किरणांचे नसून जवळपास प्रोटॉनएवढ्याच वस्तुमानाच्या उदासीन कणांचे आहे.

केंद्रकाला टिकवून धरणारा न्यूट्रॉन स्वतः मात्र बाहेर एकटा पडला तर टिकत नाही. त्याचे वस्तुमान प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्क्याने जास्त असल्याने तो सरासरी १५ मिनिटांहून थोड्या कमी वेळात प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो हा अतिशय हलका, प्रभारहीन कण यांत विघटित होतो. हेलियम-४ च्या केंद्रकात मात्र असे घडत नाही, कारण तेथे न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला तर लिथियम-४ हे अधिक ऊर्जेचे केंद्रक तयार व्हावे लागेल, आणि तेवढी ऊर्जा त्याच्याजवळ नसते.